आगबोटीवरचा क्लॅरिनेटवाला

त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. कॉलेजच्या सुटीत मी डोणगावला एका लग्नाला गेलो, तेव्हा ते भेटले. आगबोटीवरच्या बँडमध्ये बरीच वर्षं वाजवून ते नुकतेच गावी परतले होते. वरातीत नीट वाजवलं तर गावातला बँडमास्तर त्यांना कायमचं ठेवणार होता, नाहीतर पुन्हा समुद्रच.

वरात निघाली आणि त्यांचा ताल सुटला. पाय फाकवून ते डावी-उजवीकडे झुलत, पण सूर भलतीकडेच जात.

"काय झालं बे? पेऊन आला काय?" बँडमास्तर ओरडला.

"नाही मास्तर," ते काकुळतीने म्हणाले, "हे जमीन हालतच नाही, तं मी ताल कशावर धरू?"

सगळे खो खो हसले. ते मात्र सरळ वरातीतल्या बैलबंडीवर चढले. खडकाळ वाटेवर बंडी हिंदकळू लागली आणि काय सांगू, क्लॅरिनेट असं खुललं की नवरदेवाचे मामा सुटलेल्या फेट्यासकट नाचू लागले. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला म्हणून मी जरा जपून उभा होतो. पण मीही नाचलो, आणि बरंच झालं.

वेशीजवळ ते उतरू लागले, तसा बँडमास्तर धावला.

"उतरू नोको बे! परवा मेहकरले वरात हाय. बंडी मी सांगतो!"