धुक्यातले पॉइंट

बाबांच्या मते सहल म्हणजे पॉइंट. एकदा ठरले की सगळे बघायचे, हवा कशीही असो. लहानपणी महाबळेश्वरला आम्ही धुक्यात कुठल्यातरी कठड्याशी उभे राहायचो. समोर पांढऱ्याशिवाय काही नसायचं आणि बाबा समाधानाने म्हणायचे, "चला, हा झाला." आई म्हणायची, "काय झाला? आपण ओले तेवढे झालो."

त्यामुळे न्यूझीलंडमधल्या स्टुअर्ट आयलंडवरच्या शेवटच्या सकाळी, पाऊस नुसता कोसळत असताना, आम्ही नवरा-बायको पांघरुणात गुरफटलेलो आणि बाबा रेनकोट, माकडटोपी घालून दाराशी उभे, यात नवल काही नव्हतं.

"संध्याकाळी परतीची फेरीबोट आहे ना? मग उरलेले पॉइंट कधी करणार?"

"बाबा, आज काहीच दिसणार नाही," नवरा म्हणाला.

"ते तिथे जाऊन ठरवू."

ही सगळी सहलच दिसण्यासाठी होती. बाबांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं पुसून जातं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी बाबांना इकडे आमच्या घरी, अल्बनीला बोलावून घेतलं. जे दाखवायचं ते आत्ताच, म्हणून सुट्टी काढून त्यांना बर्फाचे डोंगर, तळी, सील सगळं दाखवत अगदी देशाच्या बुडाशी, या बेटापर्यंत आणलं. दोन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. उरलेला एक दिवस पाऊस खाणार म्हणून माझा जीव नुसता तळमळत होता. पावसावर चिडून उपयोग नव्हता, म्हणून मी नवऱ्यावर चिडले. तो "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही', म्हणाला आणि गाडी काढायला गेला. दहा वर्षांत न्यूझीलंडने त्याला एवढं एक चांगलं शिकवलंय.

पहिला पॉइंट म्हणजे समुद्रात उतरणारी एक अवाढव्य साखळी. पलीकडचं मोठं साउथ आयलंड ही होडी आणि हे छोटं बेट तिचा नांगर, अशी इथली जुनी माओरी गोष्ट आहे, त्या नांगराची ही साखळी. समुद्र दिसतच नव्हता, त्यामुळे ती ढगात बांधल्यासारखी वाटत होती. बाबांनी तिच्या ओल्या कडीवर हात फिरवला, दोन टिचक्या मारल्या आणि "दणकट आहे" असा शेरा दिला.

मग आम्ही गावामागच्या टेकडीवर चढलो. वर शॉर्ट्स आणि जँडल्समधल्या, म्हणजे रबरी चपलांमधल्या, एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. त्यांना पाऊस लागत नसावा. "किया ओरा," त्या म्हणाल्या, "चांगल्या दिवशी इथून खूप काही दिसतं हं." आमच्यासाठी हळहळून त्या उतरून गेल्या.

कठड्याशी आम्ही तिघं ओळीने उभे राहिलो. समोर दुधासारखं पांढरं धुकं. बराच वेळ झाला तरी बाबा हलेनात.

"बाबा, मला खरंच काही दिसत नाहीये," नवरा कंटाळून म्हणाला.

"मधलं दिसत नाही की कडेचं?"

"दोन्ही."

"मग तुमची केस माझ्यापुढे गेली, जावईबापू. इंजेक्शनं सुरू करा."

नवरा हसत सुटला, मीही हसले. हसू ओसरल्यावर बाबा म्हणाले, "आजचा दिवस मला सगळ्यात आवडला."

"काहीतरीच काय, बाबा."

"अगं, आज तू एकदाही विचारलं नाहीस, बाबा दिसलं का म्हणून."

रोज, प्रत्येक डोंगरापाशी, प्रत्येक वळणावर मी तेच विचारत आले होते. आणि रोज ते "हो हो, वा" म्हणत आले होते.

"म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"थोडंफार दिसायचं. सगळं नाही. पण एवढ्या लांब आणलंस, नाही कसं म्हणायचं?"

"पण तुम्ही तर डोंगराकडे टक लावून बघायचात. मी बघत होते ना."

"तू हौसेने पुढ्यात येऊन उभी राहायचीस. सरळ बघितलं की तुझा चेहराच जायचा," बाबा म्हणाले. "डोंगराकडे नजर नेली की कडेला तू दिसायचीस. म्हणून डोंगराकडे बघायचो."

सवयीने आत्ताही मी वळून त्यांच्या अगदी समोर उभी होते.

मी सरकले आणि त्यांच्या बाजूला, कडेला जाऊन उभी राहिले.