मे महिन्यातला गणपती

रोह्याच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि सुट्टीत त्यांच्यावर सिनेमे काढतो. बायको म्हणते, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" म्हणू दे.

त्या मे महिन्यात शेवटच्या प्रसंगासाठी पेणहून गणपती आणला, गाडीत मांडीवर घेऊन. समोरच्या आजोबांनी हात जोडले. "औंदा लवकर आलं काय बाप्पा?"

"शूटिंगला आलेत," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

नायिका म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये डबा पोचवणाऱ्या मावशी. कादंबरी त्यांच्याच गोष्टीवर, त्यांना विचारून लिहिलेली. त्यांचा एकुलता मुलगा डोलवीला कंपनीत कामाला. घर सोडताना मायलेकांची चांगलीच जुंपली होती. तेव्हापासून दर गणपतीला त्याचं एकच उत्तर, "शिफ्ट हाय." शिफ्ट बदलून मिळते, हे मावशींनाही ठाऊक होतं.

शूटिंग मावशींच्याच घरात. विसर्जनाला निघण्याआधी मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. ती हलली की देव निघाला. कादंबरीत मुलगा येतच नाही, शेवटी आई एकटीच मूर्ती हलवते. वाचक म्हणे ढसाढसा रडले होते. मी खूश!

"अ‍ॅक्शन!" म्हटलं. मावशींनी मूर्तीला हात लावला आणि तशाच बसून राहिल्या.

"हलवा ना, मावशी!"

"नाय हलवत. पोरगा आल्याबिगर देव हलवायचा नाय. दीड दिवसाचं पाच दिवस व्हऊ देत."

"अहो, कादंबरीत तसं लिहिलंय!"

"कादंबरी तुमची. देव माझा."

गर्दी म्हणून जमवलेले शेजारीपाजारी ओरडले, "मोरया!" माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण कॅमेरा चालू होता, आणि रात्री ते पाहताना मीच डोळे पुसत बसलो. माझ्या शेवटापेक्षा तो शंभरपट खरा होता. तोच ठेवला, फक्त माझा आवाज कापला.

कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, त्या दिवशी मावशींचा मुलगा मागे उभा होता. निघताना मला गाठून म्हणाला, "सर, ते आई आपल्या मनानं बोलली, का तुम्ही शिकवलंत?"

"त्यांना शिकवायची माझी काय बिशाद!"

तो शिफ्टला निघून गेला.

भाद्रपदात मावशींकडे दर्शनाला गेलो. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, आरती झालेली, वाडीतले बाकीचे दीड दिवसाचे गणपती केव्हाच नदीवर गेलेले. मावशी दारात बसून होत्या. देव हलवायचं नाव कोणी काढेना. त्यांच्यापेक्षा मीच जास्त वेळा रस्त्याकडे बघत होतो. नाही आला तर? उगाच सिनेमा दाखवला, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात तो आला. कंपनीच्या बुटांसकट सरळ आत घुसला.

"बूट काढ आधी! हातपाय धू!" मावशी कडाडल्या. मग मावशींनी पदरानं डोळे टिपले, मायलेकांनी मूर्तीला हात लावले, आणि मावशी माझ्याकडे वळल्या.

"सर, बोला की आता तुमचं ते."

"अ‍ॅक्शन," मी म्हणालो. या वेळी देव हलला.