रिपोर्ट मोठ्यांच्या हातात

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी डॉक्टरकाकांनी मला बजावलं, "रिपोर्ट घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा. का, ते विचारायचं नाही." बी.एस्सी. झालेल्या मुलीला असं सांगतात का? पण नोकरी नवी होती, गप्प बसले. आणि मोठी माणसं रिपोर्ट वाचायला लागली की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात.

*

अंबरनाथचे एक रिटायर्ड फोरमन आजोबा नातवाचा टायफॉइडचा रिपोर्ट न्यायला आले. टायफॉइडच्या जंतूंशी लढायला रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या, ते त्यात कळतं. कागदावर प्रमाण १:१६० लिहिलं होतं. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकशे साठात एक?"

"आजोबा, ते मार्क नाहीत."

"राहू दे पोरी, झाकू नकोस. शाळेतही हेच चाललंय."

*

एका सिंधी कापडवाल्याच्या सुनेनं लाजून टेस्ट कसली ते घरी सांगितलंच नव्हतं. गरोदरपणाची टेस्ट, तीही अँटिबॉडीचीच करामत. रिपोर्ट अर्थात सासऱ्यांना. 'पॉझिटिव्ह' वाचून ते तडक काकांच्या टेबलाशी गेले.

"डॉक्टरसाब, निगेटिव्ह कब होगा?"

काका मान वर न करता म्हणाले, "सात-आठ महिने लगेंगे."

"इतना लंबा इलाज?"

*

बदलापूरच्या मांजर्लीची सुनीता सहा महिन्यांची गरोदर होती. तिचं रक्त निगेटिव्ह गटाचं, नवऱ्याचं पॉझिटिव्ह. आधीचं बाळ जन्मल्यावर काविळीनं गेलेलं. या खेपेला तिच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, ते महिन्यापूर्वी पाहिलं होतं. होत्या. तो रिपोर्ट मीच सासऱ्यांच्या हातात दिला होता. तिच्या डॉक्टरांपर्यंत तो पोहोचलाच नाही, म्हणून पुन्हा रक्त घेतलं.

"आधीचा कुठे गेला?" मी विचारलं.

"कपाटात आहे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पॉझिटिव्ह लिहिलंय त्यात. आमच्या धाकट्या लेकीला बघायला पाहुणे येतायत. रोगबिग आहे असं कळलं म्हणजे?"

नवा रिपोर्ट न्यायला तिघं आले, त्यात अँटिबॉडी वाढल्या होत्या, म्हणजे बाळाला धोका. सासऱ्यांनी सवयीनं हात पुढे केला.

"दे त्यांना," काका म्हणाले.

"नाही."

"अगं, आपली पद्धत आहे."

"पद्धतीत एक महिना गेला, काका. आता मी देणार नाही."

मी बाकावरच्या सुनीताला हाक मारली, रिपोर्ट तिच्या हातात दिला. "आजच डॉक्टरांना दाखव. वाटेत कुणी मागितला तरी देऊ नकोस."

सासरे काकांकडे बघत राहिले, काका टेबलाकडे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सुनीता रिपोर्ट घेऊन दाराबाहेर पडली.