वरच्या पट्ट्या

नागपुरात जे जे म्हणून वाजतं ते सगळं बेसूर आहे, आणि ते सुरात आणण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, याबद्दल माझ्या थोरल्या वहिनीच्या काकांना कधी शंका नव्हती. महाल भागात त्यांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं, पण त्यांची खरी दुरुस्ती दुकानाबाहेर चाले. सायकलरिक्षात बसण्याआधी ते घंटी वाजवून बघत आणि पसंत पडली नाही तर दुसरी रिक्षा करत. शेजारणीच्या कुकरची शिट्टी कानाला लागते म्हणून त्यांनी तिला स्वखर्चानं नवी आणून दिली होती. माझ्या भावाच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत ते उठले आणि भटजींच्या कानाशी जाऊन म्हणाले, "गुरुजी, काळी चारमध्ये काहून म्हणून राहिले? घसा फाटते तुमचा. पांढरी दोन घ्या." गुरुजींनी मुकाट्यानं घेतली.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या दगडी चर्चचे पाद्रीसाहेब माझ्या ओळखीचे होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका हिवाळ्यात त्यांनी तिथे पियानोवादन ठरवलं. वाजवणारी बाई मूळची नागपूरचीच, विलायतेत शिकून आलेली. विजेचे दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात ऐकायचं, अशी योजना होती. पियानो इंग्रजांच्या काळातला आणि कित्येक वर्षं मुका. तो लावायला मुंबईहून येणारा माणूस ऐनवेळी आजारी पडला, आणि मी काकांचं नाव सुचवून बसलो.

काकांनी पियानोचं झाकण उघडून आत पाहिलं. "ही तर सतारच आहे, आडवी निजवलेली," म्हणाले. कुणा इंग्रज साहेबानं मागे ठेवलेली तारा पिळायची किल्ली घेतली, शेजारी आपली पेटी मांडली आणि तीन दिवस तारा पिळत बसले. तिसऱ्या दुपारी मी गेलो, तर ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काय झालं काका?"

त्यांनी उजव्या टोकाच्या पट्टीवर बोट मारलं. "तुले काय ऐकू येते?"

"बारीक आवाज. चांदीच्या वाटीसारखा."

"मले नुसती लाकडाची टकटक ऐकू येऊन राहिली," ते म्हणाले. "पेटी एवढी वर जातच नाही ना. म्हणून आजवर समजलंच नाही."

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. सूर लागले की नाही हे सांगण्याइतका माझा कान नव्हता, हे ते जाणून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षातून काकूंना घेऊन आले. लग्नानंतर आठवड्याभरातच काकांनी त्यांच्या गाण्यातला गंधार चढा ठरवला होता, आणि तेव्हापासून काकू घरात साधं गुणगुणतही नसत. काकूंनी चपला बाहेर काढल्या, क्रुसाला हात जोडले आणि पदर सावरून पियानोपाशी बसल्या.

"ऐक वं," काका म्हणाले. "एका सुराले तीन तारा आहेत."

"तिघीजणी भांडून राहिल्या," काकू म्हणाल्या.

काकांनी किल्ली फिरवली. "आता?"

"अजून एक रुसली आहे." आणखी थोडं फिरवल्यावर त्या म्हणाल्या, "हं. आता एकच बाई बोलते."

दुपारी तीनपर्यंत असं चाललं. काकांनी एकदाही वाद घातला नाही.

संध्याकाळी दोन्ही भिंतींशी मेणबत्त्या लागल्या. काळा कोट आणि मफलर घालून काका तिसऱ्या बाकावर डोळे मिटून बसले, शेजारी काकू. वाजवणाऱ्या बाईंचा हात खालच्या सुरांवर असेतो काकांचा चेहरा निवांत असे. हात उजवीकडे सरकू लागला की ते डोळे उघडून काकूंकडे बघत. काकू हळूच मान हलवत. मग ते पुन्हा डोळे मिटत.

शेवटी बाईंनी विचारलं, पियानो कोणी लावला? काका उभे राहिले. "खालचा मी," म्हणाले. "वरचा हिनं." चारचौघांत त्यांनी कुणाची तारीफ केलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी काकूंना भेटलो तेव्हा विचारलं, त्या संध्याकाळी वरचे सूर खरंच लागले होते का.

"मी कुठं ऐकलं बापा," त्या म्हणाल्या. "ते सारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्याइलेच पाहत बसली."