बाबांचं जाळं कोणत्या भिंतीवर आहे

वरठीच्या स्टेशनवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. पहाटे तलावावर जाऊन, मासोळी मायच्या टोपलीत टाकून ते तसेच माझी पेटी घेऊन निघाले होते. आंधळगावहून मोहाडी, तिथून बस बदलून स्टेशन, एवढ्या प्रवासातही तो पायजमा वाळला नव्हता. प्लॅटफॉर्मवर माझ्याच वयाची तीन-चार शहरी मुलं उभी होती, त्यांच्या पाठीला नव्या बॅगा होत्या. मी बाबांपासून दोन पावलं सरकून उभा राहिलो. त्यांच्या अंगाला तलावाचा वास होता. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. गाडी आली तेव्हा त्यांनी पेटी आत सरकवली आणि म्हणाले, "आता मांगं वळून पाहू नको बाबू, डोंगा हालते." डोंग्यात, म्हणजे आमच्या लहान नावेत, बसल्यावर ते हेच सांगायचे. मी हसलो आणि खरंच वळून पाहिलं नाही.

हे लिहितोय ते गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांसाठीही. सुखदेवचं, माझ्या बाबांचं, जाळं पुण्याच्या मोठ्या कॉलेजात भिंतीवर लागलं आहे, असं तुम्ही इतकी वर्षं एकमेकांना सांगत आलात. ते खरं नाही. ते मी सांगितलेलं खोटं आहे. आता ते एका मुलीच्या कामात शिरू पाहतंय, म्हणून मला बोलावं लागतंय.

मी पुण्याला ग्राफिक डिझाइन शिकायला आलो. हे काय असतं ते घरी कुणालाच समजावता आलं नाही. पारावर बाबांना कुणीतरी डिवचलं होतं, "का बे सुखदेव, पोरगा पुन्यात पाट्या रंगवाले गेला म्हने?" बाबांनी उत्तर दिलं, "पाट्या नाई रे. बिस्कुटाच्या पुड्यावर जे चित्र राहते न, ते." त्यांचं उत्तर माझ्या कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा सोपं आणि बरोबर होतं. आज मी पॅकेजिंगच्या स्टुडिओत काम करतो आणि बिस्किटाचे पुडे खरंच माझ्या टेबलावरून जातात.

शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रदर्शन असायचं. स्टुडिओवाले, जाहिरात कंपन्यांचे लोक येऊन मुलांचे पोर्टफोलिओ बघायचे आणि तिथूनच नोकऱ्या लागायच्या. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्यांचे लोगो, पोस्टर, पुस्तकांची कव्हरं माझ्यापेक्षा सफाईदार होती. आमचे एक सर म्हणाले, तुझ्या गावचं काहीतरी आण, जे इथे दुसऱ्या कुणाकडे नसेल. मला बाबांचं फेकजाळं आठवलं. त्याच्या गाठींवरून मी अक्षरं रचली, एका काल्पनिक मासेमारी संस्थेची पूर्ण ओळख तयार केली, लेबलं, पिशव्या, सगळं. मधोमध खरं जाळं लावायचं ठरवलं आणि घरी फोन करून सांगितलं की परीक्षेसाठी जाळं पाहिजे.

ते जाळं बाबांनी दोन उन्हाळे विणलं होतं. सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला धागा बांधून, बांबूच्या सुईनं, बोटभर रुंदीच्या कामटीवर जाळ्याचं प्रत्येक घर मोजून. कडेला शिशाच्या गोळ्या. ते कुणाच्या हाती पाठवणं त्यांना पटलं नाही. बोऱ्यात बांधून ते स्वतः पुण्याला घेऊन आले, होस्टेलच्या खोलीत तासभर बसले, माझी चित्रं पाहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना एकच सांगितलं, "तलाव खुलाच्या आधी पाहिजे बाबू."

आमच्या तलावाची रीत गाववाल्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एक दिवस ठरतो, तलाव खुलतो आणि सगळे ढीवर, म्हणजे आमचे मासेमार, मिळून मासोळी काढतात. त्या दिवशी मासोळीचे वाटे माणसामागे पडत नाहीत, जाळ्यामागे पडतात. ज्याचं जाळं पाण्यात, त्याचा वाटा. जाळं नसलेल्यानं टोपल्या वाहायच्या आणि लोक हातानं जे देतील ते घ्यायचं. बाबांनी मला जे दिलं होतं ते त्या दिवसाचं त्यांचं स्थान होतं. मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून मी ते पाहत आलो होतो.

प्रदर्शनाचा बोर्ड चार फूट बाय तीन फूट होता. जाळं गोल आणि मोठं, दुमडलं की नुसता गठ्ठा दिसे. शिवाय त्याला वास होता. आधी मी ते साबणाच्या पावडरीत दोनदा धुतलं. तरी ते बोर्डवर नीट बसेना, तेव्हा कटर घेतला आणि मधला चौकोन कापून काढला. पाच मिनिटं लागली असतील. कापताना मी बाबांचा विचार केला नाही. मी मार्जिनचा विचार करत होतो. उरलेला गोल, गोळ्यांसकट, होस्टेलच्या मागच्या कचऱ्यात गेला.

माझं काम लोकांना आवडलं. एका स्टुडिओच्या बाई बोर्डसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि पुढच्या आठवड्यात मला नोकरी मिळाली. मग बाबांचा फोन आला. तलाव चार दिवसांनी खुलणार होता. मी म्हणालो, जाळं कॉलेजनं ठेवून घेतलं, हॉलच्या भिंतीवर लावलं, खाली तुमचं नाव लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "नाव बराबर लिवलं का?"

मी हो म्हणालो.

त्या वर्षी बाबांनी टोपल्या वाहिल्या. महादेवकाकांनी, त्यांच्या जोडीदारानं, नंतर मला सांगितलं की सुखदेव दिवसभर खुशीत होता, ज्याच्या-त्याच्या हातात टोपली देताना सांगत होता, माह्यं जाळं पुन्याले लागलं. पहिल्या पगारातून मी बाजारातलं तयार जाळं घेऊन पाठवलं. त्यांनी ते मुकाट्यानं वापरलं.

मी इथेच राहिलो. लग्न झालं, मुलगी झाली, फ्लॅट झाला. बोली बदलली. आता मी फोनवर गावाकडच्यांशी बोलतानासुद्धा आधी मनात वाक्य जुळवतो. बाबा एकदाच पुण्याला राहायला आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, जाळं दाखव. मी सांगितलं, कॉलेजला सुट्टी आहे, हॉल बंद असतो. ते म्हणाले, बाहेरूनच पाहू. मी त्यांना घेऊन गेलो. फाटक खरोखर बंद होतं. बाबांनी चपला काढल्या आणि त्या बंद फाटकाला हात जोडले. वॉचमन मला विचारू लागला की आत देऊळ आहे का. मी त्याला काहीतरी सांगून बाबांना रिक्षात बसवलं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले.

गेल्या महिन्यात काजलचा फोन आला. काजल महादेवकाकांची नात, नागपूरला ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोर्टफोलिओ तयार करते आहे, मुलाखतींना जायचं आहे. तिनं आपल्या तलावाच्या जाळ्यांवर काम केलंय. पहिल्या पानावर तिला सुखदेव आजोबांच्या जाळ्याचा फोटो टाकायचा होता. "काका, कोणत्या कॉलेजात आहे ते सांगा न. मी स्वतः येऊन काढतो फोटो." तिचा आवाज ऐकून मला माझा तो बोर्ड दिसला. ती मुलगी माझं खोटं घेऊन अनोळखी लोकांसमोर बसणार होती आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती.

तिला उत्तर देण्याआधी मी आंधळगावला गेलो आणि मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "कापलं तं कापलं. पोरांच्या हातून होते. पन त्याले सांगतास तं त्यानं दुसरं विनलं असतं रे. त्यानं त्याच्यानंतर सुईले हात नाई लावला. मनत होता, आपलं चांगलं होतं ते लागलं तिकडं, आता कायले विनाचं."

मला हे माहीत नव्हतं. मी समजत होतो की मी एक जाळं कापलं आणि बाबांना एक खोटा आनंद दिला, फार तर दोन्हींची फिटंफाट झाली. पण माझ्या खोट्यानंतर ते पंधरा-सोळा वर्षं धडधाकट होते, सपरीत रिकामे बसत होते आणि विणत नव्हते. काम पूर्ण झालं, असं त्यांना मी सांगून ठेवलं होतं.

पुण्याला परतल्यावर काजलला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली की ते पान काढून टाकते. माफ केलं, असं काही म्हणाली नाही आणि ते तिनं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग तिनं तिच्या कामाचंच विचारलं, "मंग काका, हातानं विनते कसे, हे मले दाखवन असं गावात आता कोन आहे?" मी एकेक घर आठवत गेलो. महादेवकाकांना दिसत नाही. बाकीच्यांकडे बाजारची जाळी आहेत. मी तिला एकही नाव देऊ शकलो नाही.

इथे लोक मला विचारतात, मूळ गाव कुठलं, अजून कोण आहे तिकडे. मी सांगतो, आई आहे, घर आहे. ते खरंच आहे. पण मला विचाराल तर घर म्हणजे आता ती जागा आहे, जिथे प्रत्येक दारात माझ्या बापाचं कौतुक अजून चालू आहे आणि जिथे जाऊन, एकेका दारात उभं राहून, हे मला तोंडानं सांगायचं आहे. कागदावर लिहिलं म्हणून ते सुटत नाही. महादेवकाकांना वाचता येत नाही. त्यांच्या घरापासून सुरुवात करीन.