कुड्याचं बोडकं झाड

ऐक शांते, जरा निवांत बस. पुण्यात राहून फार तोरा चढला तुला. फोनवर म्हणे, "ताई, उन्हाळ्यात तुमच्या वऱ्हाडात धूळ सोडून आहे काय? एक बहरलेलं झाड दाखव, मग येते." तुमचं वऱ्हाड? आणि तू काय आभाळातून पडलीस? तुझे यजमान गेल्यापासून माहेरचा उंबरा चढली नाहीस. तेव्हा म्हटलं, आणूच फोटो. पाहू कशी येत नाही.

सोबत कांता आणि बेबी. आम्ही तिघी अकोल्याच्या जुन्या शहरात शेजारी शेजारी फुलांच्या टोपल्या मांडतो, पण डोंगरावरची फुलं पाहायला कधी गेलो नव्हतो. पहाटेच जीप केली. अकोटपर्यंत नांगरून पडलेली काळी शेतं. अंजनगावला गरम आलूबोंडे खाल्ले, ते बेबीला चिखलदऱ्याच्या घाटात नडले. दर वळणाला म्हणे, "मले इथंच सोडा, वापस येतानी घेऊन जा."

डोंगर सगळा तपकिरी, सागाला पान नाही. आणि मोथा गावाच्या अलीकडे एका वळणावर हात पोचेल एवढा कुडा! अंगभर पांढराशुभ्र. वास थेट जीपमध्ये आला. मी उतरले, तर चष्मा सीटखाली कुठंतरी पडलेला. बऱ्याच वेळानं सापडला, वळते तो काय, कांता पदराचा ओचा करून भराभरा फुलं खुडत होती. ओकारी विसरून बेबीही दुसऱ्या बाजूनं लागलेली. झाड बोडकं!

"काय करून राहिली वं कांता! शांताले फोटो धाडाचा होता ना!"

तिनं ओच्याकडं पाहिलं, मग झाडाकडं. "माय वं! फूल दिसलं का हात जाते बाई. मले समजलंच नाही."

म्हशी घेऊन चाललेली एक गवळण थांबली. "झाड पाहाले आल्या का सोलाले?" म्हणाली आणि पोट धरून हसली. मग तिनंच घरी नेऊन ताक पाजलं. "आता भाजी करा या फुलायची, लसून घालून."

मी मात्र रुसलेली. तुला आणायचं तेवढं एक निमित्त होतं, तेही गेलं. परतताना कांतानं त्याच वळणावर जीप थांबवली आणि मला हाताला धरून झाडापाशी नेलं.

"हे पाह्य. बारीक कळ्या म्या सोडल्या. उद्या तोडाले ठेवतोच ना आपन?"

खरंच गं, फांदी फांदीला कळ्या होत्या. आम्ही फूलवाल्या, जन्मभर टपोरी कळीच खुडत आलो. झाडावर फूल उमललं की आमचा माल गेला. उमलेपर्यंत झाडापाशी कोण थांबलंय?

तर शांते, बोडक्या झाडाचा फोटो पाठवते आहे. बाजूला तोंड लपवून उभी आहे ती कांता. तुझी अट काही पुरी झाली नाही, कबूल. पण त्या कळ्या आता उमलायला लागतील. लवकर ये बाई. आपण दोघी जाऊ, कांतालाही नेऊ. तिचे हात मी धरून ठेवते, तू पोटभर पाहून घे.