आपलाच हात छातीवर

बोरगाव मेघेत आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. ती ऑनलाइन समुपदेशन करते. समोरच्याचं बोलणं तिच्या कानातल्या इअरफोनमध्येच राहतं, तिचं मात्र भिंतीतून ऐकू येतं. 'काय झालं' असं ती आधी विचारत नाही. म्हणते, "पाय जमिनीवर टेकवा. खांदे सैल सोडा. जिथे दाटून आलंय, तिथे आपलाच हात ठेवा." मग बराच वेळ काहीच नाही. मग हळूच, "हं, आता बोला."

माझे यजमान गेल्यापासून इकडे बोलायला कुणी नाही. मीही कधीकधी ओट्याशी उभी राहून छातीवर हात ठेवते.

ती उभ्यानेच जेवते. अंगणात भेटली की हसते, पण 'हो काकू'च्या पुढे बोलणं जात नाही. दिवसभरात शब्द संपत असावेत.

परवा दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. इअरफोन अजून कानातच होते.

"काऊन वं, काय झालं?"

"एक बाई लय रडल्या आज. म्या सांगतलं, सोताचाच हात धरा. पडद्यातून मले कुठं धरता येते?" जरा थांबून म्हणाली, "काकू, माझा हात धरता काय थोडा?"

मी कणकेचा हात पुसून तिचा हात धरला. भर उन्हाळ्यात तो गार होता. आम्ही तसेच पायरीवर बसलो.

तिचा मोबाईल वाजला, ती उठू लागली. तेव्हा कळलं, तिने हात केव्हाच सैल केला होता. घट्ट धरून बसले होते ती मीच.